सार्वजनिक यंत्राची किल्ली

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलें कीं भूगांवच्या पुढें भुकूम हें मुळशी तालुक्यांतील गांव येतें. येथेंच खाटपेवाडीजवळ रामनदी उगम पावते आणि भूगांव, बावधन, पाषाण, बाणेर या वाटेनें जाऊन मुळा नदीस मिळते. तिच्या वाटेवरील पाषाणांत उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा 'प्रत्यूष' हा महासंगणक 2018 सालीं सुरू झाला. तो सरकारी पैशानें घेतलेला. त्याची किल्ली कोणाच्या हातीं असावी हें सरकारी हुकुमानें ठरतें, आणि त्यांत फारसा वाद संभवत नाहीं. परंतु भुकूमच्या एखाद्या घरांत शाळकरी मुलगी रात्रीं मराठी विकिपीडिया उघडून आपल्या तालुक्याविषयीं कांहीं वाचूं लागते, तेव्हां तिला तें पान पुरविणारें यंत्र ना सरकारचें असतें, ना कोणा व्यापाऱ्याचें. जगांतील असंख्य लोकांच्या देणग्यांवर तें चालतें. त्यावरील मजकूर कांहींहि मोबदला न घेतां लोकांनीं लिहिलेला असतो, आणि तें चालविणारी आज्ञावलीहि कोणीं पाहावी, कोणीं सुधारावी, इतकी मोकळी असते. अशा यंत्राचा धनी कोण? आणि त्याची किल्ली कोणाच्या कमरेला असावी?

यंत्र नवें असलें तरी प्रश्न जुना आहे. सार्वजनिक वस्तूचा दाता एक असतो, ती वापरणारे अनेक असतात, आणि ती सांभाळणारा बहुधा तिसराच असतो. देवळास घंटा देणाऱ्याचें नांव पितळेवर कोरलें जातें. परंतु म्हणून गाभाऱ्याची किल्ली त्याच्या घरीं जात नाहीं. मराठेशाहींत गांवचा कारभार पाटील आणि कुळकर्णी यांच्याकडे असे. तें वतन होतें. बापाकडून मुलाकडे जाणारें. वतनाविषयीं तंटा उत्पन्न झाला तर गोतसभा बसे, कागदपत्र व साक्षी पाही, आणि निवाड्याचा महजर होई. आपल्या ठिकाणचें गोत पक्षपाती आहे असें ज्यास वाटे, तो परस्थळ मागे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या पंचांपुढें आपला वाद न्यावा अशी विनंति करी. या व्यवस्थेंत स्थैर्य होतें, आणि न्यायाची चाडहि होती. परंतु अधिकार लायकी न पाहतां मिळे, आणि एकदां मिळालेला परत घेणें दुर्घट असे. कुळकर्णी वतनें 1950 च्या मुंबई कायद्यानें संपलीं. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानें गांवचा कारभार निवडून दिलेल्या पंचायतीच्या हातीं आला, आणि महसुली पाटलाचें पिढीजात पद 1962 च्या कायद्यानें रद्द झालें. शेकडों वर्षांच्या अनुभवानंतर गांवानें जें शिकून घेतलें, तेंच सार्वजनिक संगणकांच्या जगास गेल्या चाळीस वर्षांत शिकावें लागलें. त्या शिक्षणाची ही हकीकत आहे.

ही किल्ली म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1969 सालीं केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची संगणक-व्यवस्था रचण्यास आरंभ केला. एकाच यंत्रावर अनेकांनीं काम करावें, प्रत्येकाचें खातें निराळें असावें, एकानें दुसऱ्याच्या कागदांस हात लावूं नये, अशी तींत सोय होती. परंतु एक खातें या सर्व मर्यादांच्या पलीकडचें होतें. त्याचें नांव 'रूट', म्हणजे मूळ. ज्याच्या हातीं हें खातें, तो कोणाचेंहि लिखाण वाचूं शकतो, पुसूं शकतो, नव्यास आंत घेऊं शकतो व जुन्यास बाहेर घालवूं शकतो. एवढेंच नव्हे, तर आपण काय केलें याची नोंदहि तो नाहींशी करूं शकतो. पाटलाच्या हातीं गांवचा अधिकार असला तरी दप्तर कुळकर्ण्याकडे असे. येथें पाटील, कुळकर्णी आणि चावडीचा पहारेकरी हे तिघेहि एकाच माणसांत एकवटलेले आहेत. प्रश्नाचें गांभीर्य येथेंच आहे.

यावर पहिलें उत्तर असें निघालें कीं, किल्लीच नको. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत 1970 च्या सुमारास जें यंत्र चालत असे, त्यास परवलीचा शब्दच नव्हता. जो येईल त्यानें काम करावें, बिघडलें तर दुरुस्त करावें, असा तेथील रिवाज. रिचर्ड स्टॉलमन हे या रिवाजाचे कट्टे पुरस्कर्ते. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची घोषणा त्यांनीं सप्टेंबर 1983 मध्यें केली. परंतु 1984 सालीं याच प्रयोगशाळेंतील दुसऱ्या एका यंत्राच्या बाबतींत थोड्या लोकांनीं एक डाव केला. चालकाचा परवलीचा शब्द त्यांनीं बदलला आणि तो इतर सर्वांपासून गुप्त ठेवला. स्टॉलमन यांनीं यंत्राच्या गाभ्यांतील आज्ञावली दुरुस्त करून सत्ता पुन्हां सर्वांच्या हातीं आणली. पुढें त्यांच्या प्रकल्पानें वापरकर्त्याचें खातें बदलण्याची जी आज्ञावली तयार केली, तींत मूळ अधिकार ठराविक गटापुरता राखून ठेवण्याची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. आणि त्याचें कारण म्हणून हीच 1984 ची हकीकत तिच्या माहितीपत्रकांत नमूद केली होती. थोड्यांनीं सर्वांवर सत्ता गाजवावी हें त्यांस मान्य नव्हतें.

या भूमिकेंत सत्याचा मोठा अंश आहे. तथापि ती ज्या काळीं शोभली, तो काळ निराळा होता. एका इमारतींतील, एकमेकांस तोंडओळखीनें जाणणाऱ्या मंडळींचें तें यंत्र होतें. वाड्याच्या चौकांतील विहिरीला कुलूप लागत नाहीं. परंतु तीच विहीर हमरस्त्यावर आली म्हणजे तिला कठडा बांधावाच लागतो. सार्वजनिक यंत्रें जगाशीं जोडलीं गेलीं, आणि किल्ली नको म्हणणें अशक्य झालें. मग किल्ली असावी, पण कोणाकडे, हा खरा प्रश्न उभा राहिला.

त्याचें सर्वांत विचारपूर्वक दिलेलें उत्तर डेबियन या प्रकल्पांत सांपडतें. लिनस टोरवाल्ड्स यांनीं 1991 सालीं लिनक्सचा आरंभ केला, आणि ऑगस्ट 1993 मध्यें ईअन मर्डॉक यांनीं त्यावर आधारलेला डेबियन प्रकल्प जाहीर केला. त्याचे सर्व्हर, म्हणजे लोकांस माहिती व आज्ञावली पुरविणारीं यंत्रें, विद्यापीठांनीं व कंपन्यांनीं दिलेलीं; ठेवण्याची जागा व वीज हींहि पुष्कळदां दानाचीं. काम करणारे देशोदेशींचे, आणि बहुतेकांनीं एकमेकांस कधीं पाहिलेलेंहि नाहीं. अशा मंडळींत विश्वास कसा ठेवावा? डेबियननें ठरविलें कीं, नव्या माणसाची ओळख जुन्या सभासदानें प्रत्यक्ष भेटींत पटवून घ्यावी आणि त्याच्या सांकेतिक किल्लीवर आपली साक्ष घालावी. मग त्याचें काम पाहावें, त्याची समज तपासावी, आणि नंतरच त्यास सभासद करावें. डिसेंबर 1998 मध्यें या प्रकल्पानें स्वतःची लेखी घटना मंजूर केली. तीप्रमाणें प्रकल्पाचा नेता सर्व सभासद दरवर्षीं मतदानानें निवडतात. परंतु यंत्रांचे प्रचालक मतदानानें निवडले जात नाहींत. नेता त्यांस जाहीरपणें नेमतो, आणि त्यांस बदलूंहि शकतो. नेत्याचा निर्णय पसंत नसेल तर सभासद ठराव करून तो फिरवूं शकतात.

या मांडणींत एक सूक्ष्म विवेक आहे. ज्याच्यावर लोकांचा लोभ आहे त्यास यंत्राचें कसब असेलच असें नाहीं. आणि ज्यास कसब आहे त्यास लोकांनीं आपला पुढारी मानलेंच पाहिजे असेंहि नाहीं. गांव सरपंच निवडतो, पण पंपाची दुरुस्ती सरपंचाकडून करवून घेत नाहीं. मात्र पंप सांभाळणारा गांवाला उत्तर देण्यास बांधलेला असतो. सत्ता लोकांची, कसब जाणत्याचें, आणि दोहोंस जोडणारी नेमणूक उघड्यावर झालेली, असा हा विचार आहे.

एवढी दक्षता घेऊनहि संकट आलें. नोव्हेंबर 2003 मध्यें एका सभासदाचा परवलीचा शब्द कोणीं तरी चोरला. त्याचा अधिकार सामान्य होता. परंतु चोर त्या दारानें आंत शिरला आणि लिनक्सच्या गाभ्यांतील एक दोष साधून त्यानें मूळ अधिकार बळकावला. डेबियनच्या चार यंत्रांत तो असा पोहोंचला. प्रचालकांनीं ही गोष्ट दडविली नाहीं. सर्व खातीं बंद केलीं, घडलेलें सविस्तर प्रसिद्ध केलें, आणि मगच कारभार पूर्ववत् केला. ऑगस्ट 2011 मध्यें खुद्द लिनक्सच्या गाभ्याचा मजकूर ज्या सर्व्हरांवर ठेविला जात असे, तेथेंहि असाच शिरकाव उघडकीस आला आणि तें ठिकाण महिन्याहून अधिक काळ बंद राहिलें. पुन्हां सुरू करतांना तेथील चालकांनीं एक निराळाच प्रश्न विचारला. यंत्रांत शिरण्याची मुभा शेकडों लोकांस होती. पण तींपैकीं कितीजणांस तिची खरोखर गरज होती? बहुतेकांस आपलें काम तेथें पोंचतें करावयाचें असे, एवढेंच. तेव्हां तेवढीच मुभा ठेवून बाकीची काढून घेण्यांत आली. यांत कोणाचा अपमान नव्हता. धान्य आणून टाकणाऱ्यास कोठाराच्या किल्लीचें कारण पडत नाहीं.

आतां मराठी घराजवळ येऊं. मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 रोजीं, महाराष्ट्रदिनीं झाला. तेथें चर्चेची जी मुख्य जागा आहे तिला 'चावडी' हें नांव आहे. पानें पुसण्याचा, कुलूपबंद करण्याचा व उपद्रवी लेखकास अडविण्याचा अधिकार ज्यांस असतो त्यांस 'प्रचालक' म्हणतात. आणि त्यांच्या निवडीसाठीं सभासद जें मत देतात त्यास 'कौल' म्हणतात. शब्द जुने आहेत, पण त्यांचा अर्थ किती पालटला आहे तें पाहावें. पूर्वीं कौल सरकार रयतेला देई, किंवा देव भक्ताला देई. येथें तो सामान्य लिहिणारा आपल्यांतल्याच एकास देतो, आणि देतांना त्याचें पूर्वीचें काम सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें, कारण प्रत्येक दुरुस्तीची नोंद तारखेनिशीं जपलेली असते.

लहान भाषांच्या विकिपीडियांत कौल देणारे थोडे असतात. दहा-बारा मतांवर कोणास कायमचा अधिकार द्यावा काय? म्हणून अशा ठिकाणीं तो पुष्कळदां कांहीं महिन्यांच्या किंवा एका वर्षाच्या मुदतीनें दिला जातो. मुदत संपली म्हणजे पुन्हां कौल घ्यावा लागतो. 2013 पासून असाहि नियम आहे कीं, दोन वर्षें ज्यानें कांहींच काम केलें नाहीं, त्याच्या अधिकाराचा फेरविचार व्हावा. वतन होऊं न देण्याचा हा सरळ उपाय आहे. सर्व भाषांसाठीं मिळून निवडलेले कांहीं प्रतिपालकहि असतात. स्थानिक व्यवस्था अपुरी पडेल तेथें अधिकार देण्याघेण्याचें काम ते करतात. त्यांच्या निवडीस शेंकडा 80 अनुकूल मतें लागतात, आणि दरवर्षीं त्यांच्याविषयीं पुन्हां विचारणा होते. विशेष हें कीं, ज्या भाषेच्या विकिपीडियांत प्रतिपालक स्वतः वावरतो, तेथील तंट्यांत त्यानें हात घालूं नये असा दंडक आहे. परस्थळ मागणाऱ्या जुन्या वादीस हा नियम ऐकून समाधान वाटलें असतें.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. मराठी विकिपीडियाचा प्रचालक हा यंत्राचा प्रचालक नव्हे. त्याच्याकडे कपाटाची किल्ली आहे, घराची नाहीं. घराची किल्ली विकिमीडिया प्रतिष्ठानच्या सेवकांकडे आणि अगदीं थोड्या विश्वासू स्वयंसेवकांकडे असते. पण तेथेंहि 2011 सालीं एक धाडसी पाऊल टाकण्यांत आलें. यंत्रांची मांडणी कशी आहे हें सांगणारी आज्ञावली, गुप्त ठेवण्याजोगा भाग वगळून, जगापुढें मोकळी केली गेली. आतां बाहेरचा कोणीहि जाणता मनुष्य ती वाचून बदल सुचवूं शकतो. किल्ली ज्याच्याकडे आहे तो बदल तपासतो आणि योग्य असेल तर अमलांत आणतो. सुचविण्याचा हक्क सर्वांस, अमलांत आणण्याचा थोड्यांस, आणि काय सुचविलें व काय केलें याची नोंद पुन्हां सर्वांपुढें. चाळीस वर्षांपूर्वीं स्टॉलमन यांस ज्याची चिंता होती, ती थोड्यांची सत्ता येथें अजून आहे. पण ती दिव्याच्या उजेडांत बसलेली आहे.

दात्याचें स्थान काय असावें, याचें एक चांगलें उदाहरणहि याच परिवारांत आहे. जर्मनींतील विकिमीडिया संस्थेनें 2005 सालीं स्वयंसेवकांच्या उपयोगासाठीं 'टूलसर्व्हर' नांवाचें यंत्र सुरू केलें. पहिलें यंत्र सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीनें दिलें होतें. प्रचालक मात्र स्वयंसेवक होते, आणि खातें हवें असणाऱ्यानें आपलें काम सांगून अर्ज करावयाचा असे. 2010 सालीं ती दाती कंपनी दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतली. तरी टूलसर्व्हर आपल्या जागीं चालूं राहिला, आणि 2014 सालीं त्याचें काम नव्या व्यवस्थेकडे सोंपवूनच तो बंद करण्यांत आला. किल्ली दात्याच्या खिशांत असती, तर दाता विकला गेला तेव्हां तीहि विकली गेली असती.

तसें घडलें म्हणजे काय होतें, हें फ्रीनोड या व्यवस्थेच्या इतिहासांत दिसलें. मुक्त आज्ञावलीवर काम करणाऱ्यांनीं आपसांत बोलावें म्हणून रॉब लेव्हिन यांनीं ती उभारली होती. 2006 सालीं त्यांचा अकालीं मृत्यु झाल्यावर स्वयंसेवकांनीं ती चालविली. सर्व्हर निरनिराळ्या संस्थांनीं दिलेले होते. परंतु त्या नांवाची जी कंपनी काढण्यांत आली होती, ती 2017 सालीं एका उद्योजकाच्या ताब्यांत गेली. त्या व्यवहारानें नेमकें काय हस्तांतरित झालें याविषयीं दोन्ही पक्षांचें म्हणणें भिन्न राहिलें. चार वर्षें हा प्रश्न राखेखालीं निखाऱ्यासारखा राहिला. मे 2021 मध्यें बहुतेक सर्व स्वयंसेवक प्रचालकांनीं राजीनामे दिले आणि 'लिबेरा चॅट' ही नवी व्यवस्था उभी केली. ती स्वीडनमध्यें नोंदलेली, सभासदांच्या मालकीची संस्था आहे. विकिमीडियासह अनेक प्रकल्प त्यांच्यामागून निघून गेले. पाटी व कागद मालकाकडे राहिले. बाजार मात्र दुसऱ्या पेठेंत गेला.

येथें कोणी म्हणेल कीं, मग ज्यानें वर्षानुवर्षें काम केलें त्यासच किल्ली द्यावी, म्हणजे झालें. 2024 सालच्या एका घटनेनें याहि समजुतीस धक्का दिला आहे. मजकूर आटोपशीर करून सांठविण्याची एक लहानशी आज्ञावली जगांतील असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. ती सांभाळणारा स्वयंसेवक एकटा व थकलेला होता. दोन वर्षांहून अधिक काळ एका अनोळखी नांवानें त्यास मनापासून मदत केली, विश्वास मिळविला, सहसंचालकपद मिळविलें, आणि मग त्याच नांवानें आज्ञावलींत एक चोरदार बसविलें. आंद्रेस फ्रॉइंड यांस आपलें यंत्र किंचित् मंद चालतें अशी शंका आली. त्यांनीं शोध घेतला, आणि 29 मार्च 2024 रोजीं हा कट उघडकीस आणला. म्हणून मोठा अनर्थ टळला. चोर आंत आला तो कुलूप फोडून नव्हे. एकट्या माणसाच्या खांद्यावर सर्व भार टाकून समाज निश्चिंत झोंपला होता, त्या झोंपेंतून तो आला.

या सर्व हकीकतींतून एकच गोष्ट निष्पन्न होते. सार्वजनिक यंत्राची किल्ली ही बक्षीस म्हणून, मान म्हणून किंवा देणगीची पावती म्हणून देण्याची वस्तु नाहीं. ती सोंपविलेली जोखीम आहे. ती वापरणाऱ्यांच्या संमतीनें, त्यांच्या देखत द्यावी. कामापुरतीच द्यावी. एकाच हातीं कधीं ठेवूं नये. आणि ज्या दिवशीं ती द्यावयाची, त्याच दिवशीं ती परत कशी घ्यावयाची हेंहि ठरवून ठेवावें. यांतील शेवटची अट माणसांस सर्वांत जड जाते, कारण ती घालतांना समोरच्या सज्जनाविषयीं संशय दाखविल्यासारखें वाटतें. परंतु सज्जनहि आजारी पडतो, परगांवीं जातो, थकतो, मरण पावतो; आणि त्याच्या मागें किल्लीचा शोध करण्याची पाळी इतरांवर येते.

मुळशी तालुक्यास हा धडा सर्वस्वीं परका नाहीं. 1921 सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हां ज्यांची जमीन आणि ज्यांचें पाणी त्यांस विचारल्याशिवाय निर्णय होऊं नये, हाच त्यांचा आग्रह होता. धरण झालें, गांवें बुडालीं. पण तो प्रश्न बुडाला नाहीं. भुकूमच्या घरांत मराठी पान उघडून बसलेली मुलगी त्या यंत्राची भाडेकरू नाहीं, गिऱ्हाईक नाहीं. उद्यां तिनें त्या पानांत एक ओळ नीट करून लिहिली कीं ती त्या चावडीची सभासद होते, आणि आज जो कौल दुसऱ्यास मिळतो तो परवां तिला देतां येतो, किंवा मागतांहि येतो. किल्ली कोणाकडे आहे, हें विचारण्याचा हक्क तिला त्या पहिल्या ओळीपासूनच मिळालेला असतो. तो तिनें बजावावा.